पुन्हा निळं

रात्री दवाखाना बंद झाला की मी टाकीत आम्ल घालतो.
मोजून आठ थेंब, ड्रॉपर तिरका धरून,
पंप चालू, तोंडावर रुमाल.
मग परीक्षानळीत चमचाभर पाणी, त्यात रंगाचे तीन थेंब.
पिवळं.
डिस्कस शांत. ताटलीएवढे पाच जण,
ब्राझीलच्या कुठल्याशा चहासारख्या नदीचे वंशज,
मुहर्रकला दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला.

सकाळी बघावं तर निळं.

दहा थेंब. बारा. शुक्रवारी सुट्टी असून आलो, पंधरा.
रात्री पिवळं, पहाटे हिरवट,
आणि पहिला पेशंट गाल धरून आत येईपर्यंत
निळं, निर्लज्ज निळं.
पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर तसंही नाही.
हा घडा उताणा आहे, दिलेलं सगळं पितो,
बुडबुड्यांची ढेकर देतो
आणि होता तसा राहतो.

डॉक्टर मन्सूर विचारतात, "बेडनेकर, बीएच किती?"
त्यांच्या जिभेला प नाही.
पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायचो: पेडणेकर. प, पतंगातला.
ते दोन दिवस ओठ आवळून प काढायचे,
तिसऱ्या दिवशी पुन्हा ब.

नळाच्या पाण्यावर संशय घेतला.
खोलीतला जोबी समुद्र गोडा करण्याच्या प्लांटवर आहे.
म्हणाला, मीठ काढून काढून पाणी इतकं कोरं होतं
की तसंच सोडलं तर पाइप कुरतडेल.
म्हणून चुनखडीवरून फिरवून आणतो,
थोडा दगड पाजतो, मग गावात सोडतो.
पण तेवढ्या दगडात पंधरा थेंब कुठले जिरायला?

शेवटी कोपरा चाचपला.
प्लास्टिकच्या झुडपामागे मूठभर काहीतरी, पांढुरकं.
पुसलं, वर व्हिनेगरचा थेंब टाकला,
तर तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं फसफसलं.

"तो माझा आहे," काउंटरवरून बदरिया म्हणाली.
वडिलांच्या घराच्या भिंतीतला.
समुद्रातून कापून आणलेल्या प्रवाळाचं घर,
रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं.
एक तुकडा तिने पर्समधून आणला होता.
"म्हटलं, पाण्यातला आहे, पाण्यात तरी राहील."

काढला की काम संपत होतं.
मी तो हातात धरून उभा. किती हलका!
सुईच्या भोकाएवढी घरं, हजारभर,
प्रत्येकात कोणीतरी राहून गेलेलं.
आत ड्रिल सुरू होतं. दात, म्हणे, ह्याच्याच नात्यातले.

डॉक्टरांना म्हटलं, मासे बदलू.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"बीएच?"
"राहू दे. आहे ते बरंय."

रिफाला एका गिऱ्हाइकाकडे डिस्कस पोचवले.
पुलावरून जाताना पाच पिशव्या माझ्या मांडीवर,
पाणी कोमट, मासे एका अंगावर कललेले,
एकाचा डोळा सारखा माझ्याकडे.
त्यांचं पाणी मी कालच पिवळं केलं होतं, शेवटचं.

टाकीत आता इथल्याच झऱ्यातले मासे आहेत,
बोटभर, राखाडी, ठिपक्याठिपक्यांचे.
पेशंटांची मुलं त्यांच्याकडे बघत नाहीत,
दगडाकडे बोट दाखवतात.

सवय जात नाही. रात्री नळी भरतोच,
तीन थेंब, हलवून दिव्यासमोर धरतो.
निळं.
वहीत तारीख घालून लिहितो: निळं.