ब्लोहोल

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटली.
कुपवाडच्या नाक्यावर दहाचं इनो घेतलं,
दहाची टूटीफ्रूटी,
आणि सायकल बामणोलीकडं वळवली.
शंभर फुटीवरची बेकरी अर्ध्या किलोला साडेतीनशे सांगते,
वर नाव लिहायचे वेगळे.

घरी दोघं आधीच रवा चाळून बसलेली.
त्रिशलाच्या भुवया पांढऱ्या,
सन्मतीच्या गालात साखर.
"पप्पा, मम्मी यायच्या आत होतंय काय?"
मम्मीची बस साडेपाचची.
ती माधवनगरात शाळेच्या युनिफॉर्मना काजी-बटण करते
आणि सूर्य बुडाला की पाणीसुद्धा घेत नाही.
मीही पाळायचो पूर्वी,
सेकंड शिफ्टच्या डब्यानं ते सोडायला लावलं.
हा थंडीतला सूर्य,
कुणाचा वाढदिवस आहे म्हणून
सहाच्या पुढं थांबायचा नाही.

कुकरची शिट्टी काढली, रिंग काढली.
"तळाला वाळू ना? तुमच्या कामावरची आणायची की!"
"नको रे, तिच्यात कोळशाची पूड असते.
खडेमीठ ओत. अजून. बास."

अकरा वर्षं फौंड्रीत साचे भरतोय.
पॅटर्न ठेवायचा, वाळू ठोकायची,
पॅटर्न असा उचलायचा की कड ढासळू नये,
मग लाल लोखंड.
पण डब्याला तूप लावून
त्यावर कणीक भुरभुरताना हात कापला माझा.
लेकरं बघत होती म्हणून असेल.
पंपाच्या हाउसिंगकडं
एवढं टक लावून कोण बघतंय?

रवा दोन वाट्या, दही एक,
साखर वाटीला बोटभर कमी
(सन्मतीनं खाल्लेली वजा जाता बरोबर तेवढीच),
दूध अंदाजानं.
अंडं आमच्यात चालत नाही, त्याचं काम दह्यावर सोपवलं.
शेवटी इनो.
फस्स करून पीठ वर आलं
आणि पोरगी दचकून मागं सरली.
"आता हलवू नका. ओता. एका दमात."
पोअरिंगला हेल्परवर ओरडतो तसाच ओरडलो.
हिनं ऐकलं.
हेल्पर ऐकत नाही.

वरती टूटीफ्रूटीनं सुप्रभा लिहायचं ठरलं होतं.
'सुप्र'वर पुडी संपली,
आणि झाकण लावेस्तोवर
तेवढीही अक्षरं पिठात बुडाली.

मंद आच.
सिलिंडर हलवून बघितला, हलका लागला.
मुलांना काही बोललो नाही.
सन्मती दर दोन मिनिटांनी दारात जाऊन
आधी रस्ता बघायचा, मग पश्चिम.

पावणेसहाला सुरी घातली, कोरडी निघाली.
डबा उलटा केला, एक कोपरा तळाला चिकटून राहिला.
कापला तर आत सगळीकडं भोकं.
"बिघडला काय ओ, पप्पा?"

आमच्याकडं असल्या भोकांना ब्लोहोल म्हणतात.
एक जरी सापडलं
तरी पीसवर लाल खडूचा फराटा,
आणि तो दिवस फुकट.
मी तुकडा बोटानं दाबला.
दबला. सोडल्यावर हळूच वर आला.
"नाही गं," म्हणालो,
"ह्याला अशीच लागतात."
आणि उगाच मोजत बसलो, किती आहेत ती.

ती आली. खांद्याची पर्स खांद्यावरच.
"किती घातले?"
"वीस."
"गॅस धरून?"
"गॅस धरला नाही."
हसली. तोंड भरलेलं होतं म्हणून
पुढचं बोलता आलं नाही.
शेडच्या पत्र्यावर नखाएवढा सूर्य उरला होता,
सन्मती तिकडंच बघत उंबऱ्यात उभा:
"हाय अजून. खा तू मम्मी, हाय अजून."

रात्री मीठ गार झाल्यावर बरणीत भरलं.
त्रिशलानं वहीचा कागद फाडून वर चिकटवला:
केकचं मीठ.
भाजीत घालू नये.