असंबद्ध

तार्तूच्या आमच्या प्रयोगशाळेत मेंदू दोन.
एक बरणीत. त्याला नाव नाही, फक्त साल.
दुसरा प्लॅस्टिकचा, आठ तुकड्यांचा,
पहिल्या वर्षाची मुलं तो उघडतात, जोडतात,
आणि दरवर्षी एखादा तुकडा
कुणाच्या तरी खिशातून घरी जातो.
यंदा समुद्रघोड्याच्या आकाराचा गेला,
नवी आठवण जिथून आत शिरते म्हणतात, तोच.
त्या जागी कुणीतरी गुलाबी खोडरबर बसवलंय.
बरोब्बर बसलंय.

माझं काम शब्द वाचायचं.
दर दोन सेकंदांना एक.
होडी. वल्हं. लाट. जाळं. खारट. गळ. शिंपला. नांगर.
आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही,
हसायचं नाही.
तुझी मान हलली की त्यांचं उत्तर हलतं,
असं प्राध्यापक तोर्व बजावतात
आणि स्वतः मान हलवतात.

यादीत समुद्र नाही.
मुद्दामच नाही.
तरी तासाभरानं विचारलं की दहातले सात जण
छातीठोक सांगतात : समुद्र होता, तुम्हीच वाचलात.
त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे, आधीच आखलेला.
आमची सगळी मांडणीच त्या एका न उच्चारलेल्या शब्दासाठी.

एकतिसावी आली ती हेल्वेबाई,
पेइप्सी सरोवराकाठच्या गावातून, सकाळच्या बसनं,
वय एक्क्याऐंशी, पिशवीत कांद्यांची वेणी, मला द्यायला.
घेता येत नाही, मी म्हटलं. नियम.
नाणं उडवलं.
छापा म्हणजे तासभर झोप, काटा म्हणजे तासभर खुर्ची.
काटा आला.
बरं झालं, म्हणाली, परक्या पलंगावर मला कुठली झोप.

तिनं विणकाम काढलं.
तेही नाही म्हटलं मी,
विणकाम म्हणजे आणखी एक चल, हिशेब बिघडतो.
लोकर पिशवीत गेली.
बोटं मात्र गेली नाहीत कुठं.
मांडीवर रिकामीच विणत राहिली,
एक उलटा, एक सुलटा, मध्येच टाका सुटल्यासारखी अडत.
त्याला माझ्याकडे रकाना नव्हता.

मग मी विचारलं.
होडी, म्हणाली. जाळं. गळ.
लाट.
बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली.
समुद्र येणार, मी पेन्सिल त्या रकान्यावर टेकवून.

घोडा, म्हणाली.

नक्की? असं विचारायचं नसतं.
मी लिहिलं : असंबद्ध, एक.
ध्वनिमुद्रण बंद केलं. आभार मानले, छापील कागदावर होते तेवढे.

कोटाची बटणं लावता लावता ती बोलली,
माझ्याशी नाही, बटणांशी :
जाळं काय आपोआप जातं होय तळ्यावर?
हिवाळ्यात घोडाच ओढतो, बर्फावरून.
आमचा तांबडा होता.
मार्चमधला बर्फ वरून पांढरा, आतून लबाड.
भावानं लगाम सोडला असता तर.
सोडला नाही.
शेवटचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं,
मी सांगितलं नाही. मान हलवायची नाही ना.

संध्याकाळी प्राध्यापकांना सांगितलं.
एक माणूस म्हणजे किस्सा, म्हणाले,
चौसष्ट माणसं म्हणजे पुरावा.
खरंच आहे.
परीक्षेत मीच लिहिलंय हे, दहापैकी नऊ मिळालेत.
आणि चौसष्ट जणांच्या सरासरीत
कुणाचाच घोडा बुडत नाही,
म्हणून तर तिच्यावरून चालता येतं.

सगळे गेल्यावर मी प्लॅस्टिकचा मेंदू उघडला.
खोडरबर काढलं.
एकतीस नंबरच्या ओळीवर धरलं.
पेन्सिलच होती, लगेच गेली असती.
पण त्या जागी काय लिहायचं?
'संबद्ध' असा रकाना आखलेलाच नाही आम्ही.

परत ठेवलं.
या खेपेला बसेना.
अंगठ्यानं दाबून धरलं मी ते, बराच वेळ,
टेबलाखाली कांद्यांची वेणी तशीच पडलेली,
तिनं कधी ठेवली, मला आठवत नाही.