गाठी

उदगीरच्या चर्चची शंभरी. फलक रंगवायला दिलाय.
मुजीब पेंटरला नावं हवीत, शनिवारपर्यंत.
मी वही घेऊन बसलोय, कसरीनं खाल्लेली,
फसली सालातली, साहेबाच्या तिरक्या अक्षरातली:
पाळक, उपदेशक, मास्तर, टांगेवाला.
टांगेवाल्याचं नाव आहे. घोडीचंसुद्धा.
आणि खाली एक ओळ:
"बायबलबाई, एक. दरमहा तीन रुपये हाली."

केराबाई.
हे वहीत नाही, लेंडीकाठच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे.
मांगवाड्यातली. केकताडाचे दोर वळायची.
बाप्तिस्म्यात तिला लुदिया केलं;
शास्त्रातली लुदिया जांभळी वस्त्रं विकायची म्हणे.
केराबाई हसली असणार.
तिच्या हाताला कुजवलेल्या केकताडाचा वास,
तो कुठल्या पाण्यानं जातो?

वाचता येत नव्हतं.
साहेबानं पाठ करून घेतलं: बारा-बारा जणांचा वर्ग बसव,
दर आठवड्याला एकेकाला विचार,
"तुझ्या आत्म्याचे कुशल आहे काय?"
घोकत घोकत सात कोस चालली
आणि पहिल्याच उंबऱ्यावर वाक्य सांडलं.
मग जे उरलं तेच बोलली,
"जीव कसा हाय गं तुजा?"

सारजा म्हणाली, म्हैस आटली.
बायजा म्हणाली, पोराला हिवताप.
"ते झालं. जीव?"

सासरी एकवीस वर्षं काढलेल्या हौसाला
हे कुणी विचारलं नव्हतं,
माहेरीसुद्धा.
ती दिव्यातलं तेल संपेपर्यंत रडली.
त्या आठवड्याचा वर्ग एवढाच झाला.

हजेरी दोरात.
माणसामागं एक गाठ.
शिंदी सोडली, गाठ दुहेरी.
गाव सोडून गेलेल्याची सैल.
मेलेल्याची तशीच राहू द्यायची,
तिच्यापुढं बोटभर दोर मोकळा.

साहेब वर्षातून दोनदा यायचे घोडीवरून,
तयार डोक्यांवर पाणी घालून परत.
अहवालात लिहिलं, "यंदा प्रभूने एकेचाळीस आत्मे दिले."
दोरात गाठी त्रेसष्ट.
बावीस बाया,
ज्यांना घरानं पाण्यापर्यंत येऊ दिलं नाही
आणि ज्या तरीही दर बुधवारी
सरपणाच्या निमित्तानं यायच्या.

ती गेली तेव्हा पेटी खाली सोडायला दोर कमी पडला.
कुणीतरी आढ्याला टांगलेला तिचा आणला.
गाठी तळहातांना अडकत होत्या.
चौघे पुरुष म्हणाले, हळू, हळू,
आणि पेटी थांबत थांबत गेली खाली,
जशी ती दारोदार थांबायची.

मुजीबचा फोन. नावापुढं पद काय लिहू?
मला शब्द सापडेना.
म्हणून विचारलं, जीव कसा आहे तुझा?
"बरा आहे, साहेब. ॲडव्हान्सचं बघा."
"ते झालं. जीव?"
फोनमध्ये बराच वेळ
नुसती देगलूर रोडवरची वाहनं.