पाण्याच्या दिवशी

पाचव्या दिवशी नळ आला, पहाटे तीन पन्नासला,
म्हणून इंजिन आजच चालवून बघायचं ठरलं.
गल्लीत निळा ड्रम. काठाला आवळलेली फळी.
फळीवर पंचवीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड,
भंगारातून आणलेलं, पंखा पाण्यात बुडवून.
नरसूबाई दारातून म्हणाली,
नीळ्ळु आहे ते. दोनशे लिटर.
आणि आत गेली.

आमच्या घरात नीळ्ळु, रेवणसिद्धकडे नीरु,
मैनुद्दीनच्या घरी पानी.
खाडीला मात्र तिघांच्याही घरात शब्द नाही.
तो मैनुद्दीननं दाभोळहून आणला.
ट्रकमधून चादरींचे गठ्ठे घेऊन गेला होता,
येताना घेऊन आला दांडा, उधाण, भांग
आणि गफूर तांडेलाचा फोन नंबर.
होडी त्याची. इंजिन आमचं. पेट्रोल वाटून.

नकाशा उघडतो तो रेवणसिद्धच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात,
चार कोपऱ्यांवर तांब्याच्या तारेची रिळं ठेवून.
पहिला दिवस बाणकोट. सावित्रीच्या मुखाशी वाळूचा दांडा,
पाणी चढत असतानाच ओलांडायचा.
गफूर म्हणतो, घड्याळ नको, तिथी सांगा,
तिथीला तीननं गुणा, चारनं भागा.
पंचमी. पाच त्रिक पंधरा. पावणेचार.
सप्तमी, सव्वापाच. त्या दिवशी दाभोळ,
भरतीच्या पाठीवर बसून वाशिष्ठीत आत,
पार गोवळकोटपर्यंत,
वाटेत म्हणे मगरी उन्हाला पडलेल्या असतात.
रेवणसिद्ध इथं थांबला.
पोहता येत नाही त्याला. केशरी जाकीट मागवलंय
आणि दुकानात ते घालूनच आर्मेचर गुंडाळतो.
गिऱ्हाईक विचारतं, काय बे, पूर येणाराय का सोलापुरात?

पेट्रोलचा हिशेब माझ्याकडे.
तासाला नऊ लिटर, वारा तोंडावर असला तर अकरा.
एक हिस्सा जायला, एक यायला,
तिसऱ्याला हात लावायचा नाही.
हे कुणी शिकवावं लागलं नाही मला.
आमच्या न्हाणीत तिसरा ड्रम कायम झाकलेला असतो.

अडतीस वर्षं मी माग दुरुस्त केले.
धोटा इकडून तिकडे, मिनिटाला सव्वाशे वेळा,
बेचाळीस इंचांत.
शेड बंद झाली तेव्हा रिकामा बसून मोजलं,
तेवढ्या वर्षांत एका मागाचा धोटा
पृथ्वीला सोळा-सतरा फेऱ्या मारून येतो.
येतो म्हणजे,
कुठं गेलेलाच नसतो.

कॅलेंडरवर निळ्या पेनानं भरत्या माझ्या,
लाल पेनानं नळाचे दिवस नरसूबाईचे, अंदाजानं.
दशमीवर दोन्ही खुणा पडल्यात.
गफूर म्हणतो, जयगडची साडेसातची भरती सोडू नका.
ती म्हणते, मग टाकी कोण भरणार, गफूर?
त्याचं पाणी चंद्राच्या हातात.
आमचं वॉलमन चंद्रकांतच्या.
त्याला फोन लावला, दशमीचं एकादशीला होईल का?
म्हणाला, वरून सुटलं तर सोडतो की.

दोरी ओढली. नाही.
मैनुद्दीननं ओढली. नाही.
मी प्लग काढला, फुंकला, कानाशी धरला उगाच,
परत बसवला.
पाचव्या ओढीला धुराचा एक निळा लोट
आणि ड्रम उकळल्यासारखा उसळला,
पाणी काठावरून, फळीवरून, आमच्या पायांवरून,
पोरांच्या चपला गटाराच्या दिशेनं तरंगत निघाल्या.
रेवणसिद्ध जाकिटाची चेन वर ओढून ओरडत होता,
काय ते ऐकू आलं नाही.
मला ऐकू येत होतं एवढंच, की
एक सिलिंडर जरा मागं पडतोय.

बंद केलं. ड्रममध्ये हातभर उरलं,
वर तेलाचे रंग.
नरसूबाई बादलीबादलीनं ते गल्लीत मारत गेली,
धूळ बसेपर्यंत.
शेवटच्या बादलीशी थांबली.
तिकडं ते रोज येतं?
रोज दोनदा, मैनुद्दीन म्हणाला.
कुणी सोडत नसताना?
कुणी सोडत नसताना. फक्त रोज पन्नास मिनिटं उशिरानं.
तिनं बादली पालथी घातली.
तेवढं चालतं, म्हणाली.