छाट

मंगळवारी निपाणी कोर्टात तारीख.
पट्टणशेट्टी मॅडम म्हणाल्या, तारखा पाठ कर, अक्काताई.
'दिवाळीच्या आधी' चालत नाही तिथं,
'उरुसाच्या दुसऱ्या दिवशी' चालत नाही.
महिना कोणता, वार कोणता, किती वाजता.
मार खाताना घड्याळाकडं
कोण बघतंय, मॅडम?

मग पत्र्याच्या डब्यात घावली,
रेशनकार्डाखाली,
कारखान्याची विडी-कार्डं. सहा वर्षांची.
रोज किती विड्या दिल्या, छाट किती गेली,
मुनीमाच्या निळ्या अक्षरात.
नऊशे. नऊशे. हजार. साडेआठशे.
मग एकदम दोनशे.
मग तीन घरं रिकामी.

हे ते बोट. हे, डाव्या हाताचं.

पुढं महिनाभर छाटच छाट,
दोरा ढिला, तोंड नीट दुमडलेलं नाही.
चेकर खेकसला, हाताला काय झालंय तुझ्या?
मी म्हटलो, वरवंटा पडला.
तेही मॅडमनी लिहून घेतलं.
म्हणाल्या, तेव्हा खोटं बोललीस
हेपण खरंखरं सांगायचं.

भाची आठवीला आहे, कानडी शाळेत.
उलट्या घमेल्यावर बसून ती त्याचा वकील झाली.
आईची काळी ओढणी खांद्यावर,
आवाज जाड केला:
'गंडन मनी याक बिट्टी?'
नवऱ्याचं घर का सोडलंस.
मी गप्प. परत विचारलं. परत गप्प.
मला येती ती बाजारातली कानडी,
एष्टु. साकु. ब्याड.
किती. पुरे. नको.
ती घमेल्यावरनं उतरली,
म्हणाली, आत्या, एवढ्यात होतंय की गं सगळं.

आई म्हणती मंगळसूत्र घालून जा,
जज्जसाहेबांना बरं दिसतंय.
वहिनी म्हणती काढून जा.
मी अजून ठरवलो नाही.
डोरलं एक आहे नि त्याचे मणी
कधीचे दुसऱ्या दोऱ्यात ओवलेत.
हेपण विचारतील का? कधी तुटलं, कुणी तोडलं?
ही तारीख कुठल्याच कार्डात नाही.

रात्री सुपाशी बसतो. पान कापतो.
त्याचा खरा वकील कसा असेल ते मला ठावं आहे.
जुडी उचलणार, अंगठ्यानं दाबणार,
एक वाकडी दिसली की
पंचवीसच्या पंचवीस भिरकावणार.
म्हणून मीच आधी दाबून बघितलो.
दोन गोष्टींची मला खात्री नाही.
श्रावण होता का भादवा,
सासू दारात होती का आत.
त्या दोन बाजूला काढल्या,
सांगणार, साहेब, आठवत नाही.

बाकीच्या
दोरा घट्ट ओढून बांधल्यात.

पिशवीत कार्डं, आधार, डबा.
पावणेनवाची गाडी.
भाचीचा त्याच दिवशी गणिताचा पेपर,
तीही उठून बसली आहे, पाढे म्हणते.

बोटाला तेल लावलो.
सरळ होत नाही ते.
नसू दे. तसंच नेतो.