ओला रंग

पंचायत समितीनं बोर्ड मंजूर केला, आठ बाय सहा.
मजकूर : तालुक्यातील प्रेक्षणीय स्थळे.
जागा घाटाच्या तोंडाला, जिथं मैलाचा दगड म्हणतो
कोल्हापूर ९४, आणि त्या नवाचा कुणीतरी सहा केलाय,
बहुधा गावात पोरगी द्यायला पाहुणे येणार होते तेव्हा.

मी इनास बारदेस्कर, पेंटर.
बापानं देवळाची कमान रंगवली आणि चर्चची वेदीही,
उधारी दोन्हीकडं सारखीच राहिली.

क्लार्कनं यादी दिली. किल्ला, धबधबा, धरण, लिंगाचं देऊळ.
किल्ल्याचं साल गुरुजींनी एक सांगितलं, गुरवानं दुसरं.
वर गुरं नेणारी धोंडूबाई म्हणाली,
"साल कशाला? म्हशीला मे महिन्यात पाणी पुरतं तिथं, तेवढं लिही."
मी साल गाळलं.
पाणीही लिहिलं नाही.

पांढरा हात मारला की बॉक्साइटचा ट्रक जायचा,
पांढऱ्यावर तांबडं बसायचं.
तीनदा मारला. मग म्हटलं, राहू दे,
आमच्याकडं पांढरं म्हणजे हेच.

काजूच्या कारखान्यातनं सुटलेल्या बाया थांबल्या.
चिकानं काळं पडलेलं बोट अक्षरावर टेकवून
शेवंता म्हणाली, "धबधबा मी बघितलाच नाही रं.
बावीस वर्षं आवाज तेवढा ऐकतोय."
तिचा ठसा 'ध'च्या पोटात राहिला.

खाली वीतभर जागा उरली.
गोव्याच्या बेकऱ्यांत गेलेली पोरं लिहावीत?
घनसाळ शिजताना गल्लीभर सुटतो तो वास?
बाण कुणीकडं काढायचा त्याला?
शिडी उतरलो. उद्या बघू.

रात्री हत्ती आला.
दरसाल येतो, उसाच्या वासावर.
म्हातारी माणसं आधी हात जोडतात,
मग डबे बडवतात, मग पंचनाम्याला अर्ज करतात.
त्यानं बोर्डाला अंग घासलं. खाज असेल.
सकाळी एक खांब वाकलेला, किल्ला निम्मा,
धबधबा गेलेला, ठशासकट.
वर नुसतंच 'तालुक्यातील', आणि लांब, एकटंच, 'स्थळे'.

क्लार्क म्हणाला, बिल निघणार नाही.
न निघू दे.
हद्दीपल्याड कुणीतरी पहाटे टमरेल घेऊन निघाला असेल
आणि उसातनं सरकताना त्याला दिसली असेल
एक भलीमोठी काळी कूस,
तिच्यावर माझ्या हातचं, उलट्या अक्षरात,
प्रेक्षणीय.