टण्ण

बारा कोस लागत नाहीत इथे,
एक कडा पुरतो.
अलीकडच्या गावात पाण्याला जे म्हणतात
ते पलीकडे कुणाला कळत नाही.
आणि पाणी तर एकच, बर्फाचं,
दोन्ही गावांच्या मधून डोकं आपटत जाणारं.

दागेस्तानात कुम्सियत मडकी विकते.
पूर्वी गाढव होतं,
आता इल्मुद्दीनची खडखडती व्हॅन.
गवतात गुंडाळलेली, मांडीवर एक, पायांत तीन.

पहिल्या खोऱ्यात ती अवार बोलते, मोडकी,
दुसऱ्यात दार्गी, त्याहून मोडकी,
तिसऱ्यात रशियन, सरकारी कागदासारखी.
चौथ्यात बोलतच नाही,
मडक्यावर टिचकी मारते:
टण्ण.
म्हणजे तडा नाही.

आईच्या वेळी भाव सोपा होता.
मडकं तुझं,
त्यात मावतील तेवढे जर्दाळू माझे.
आता रूबल, आणि बोटांवर घासाघीस.

आज शेवटच्या घरातली बाई
आत गेली, एक जुनं मडकं घेऊन आली.
पांढऱ्या मातीच्या तीन तिरक्या रेघा,
चौथी जरा घसरलेली.
कुम्सियतनं टिचकी मारली नाही.
आईची करंगळी वाकडी होती.

बाई एक शब्द बोलली.
इल्मुद्दीनलाही कळला नाही.
मग तिनं ते मडकं जर्दाळूंनी भरलं
आणि हिच्या ओटीत ठेवलं.

परतीच्या वाटेवर कुम्सियत
तो शब्द पुटपुटत राहिली,
काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसा, जपून.
कड्याशी व्हॅन एकदा आदळली.
एखादं अक्षर सांडलं असेल.